वाचून वाचून की आठवून आठवून? एका मानसशास्त्र प्रकल्पाच्या नोंदी

७ जुलै २०२५

विषय नक्की झाला. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प आम्ही दोघी मिळून करतोय, त्यामुळे या वहीत जे येईल ते दोघींचं. हस्ताक्षर फक्त माझं.

विभागात दरवर्षी 'मोबाईल वापराचा अभ्यासावर होणारा परिणाम' या धर्तीचे विषय येतात. प्रश्नावली वाटायची, बेरजा करायच्या, सहसंबंध (दोन गोष्टी एकत्र कमी-जास्त होतात का, याचं माप) काढायचा. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच बैठकीत बजावलं की सहसंबंधावरून परिणाम सिद्ध होत नाही. मोबाईल जास्त वापरणारा मुलगा अभ्यासात मागे पडतो, की आधीच मागे पडलेला, वर्गात मन न लागणारा मुलगा मोबाईलकडे वळतो, की घरातली ओढाताण दोन्हींच्या मुळाशी आहे, हे प्रश्नावलीतून कळत नाही. कारण शोधायचं असेल तर प्रयोग करा. नाहीतर 'संबंध आढळला' एवढंच लिहा.

आम्हाला प्रयोगच करायचा आहे, आणि प्रश्न डोळ्यांसमोरचा आहे. वसतिगृहात परीक्षेच्या आदल्या रात्री चक्कर मारली तर बहुतेक मुलं एकच गोष्ट करताना दिसतात: धडा वाचायचा, पुन्हा वाचायचा, पिवळ्या हायलायटरने रेघा ओढायच्या, पुन्हा वाचायचा. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काय आठवतंय ते काढणारी मुलं फार थोडी.

रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात नेमकं हेच तपासलं आणि २००६ मध्ये छापलं. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचून मग न बघता लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवला, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर पारडं फिरलं: दोनदा वाचलेला ४२ टक्के, आठवून लिहिलेला ५६.

हे निष्कर्ष अमेरिकन विद्यार्थ्यांवरचे. हेन्रिक, हाइने आणि नोरेंझायन यांनी २०१० मध्ये दाखवून दिलंय की मानसशास्त्रातलं बरंचसं ज्ञान पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक, सधन, लोकशाही समाजांतल्या नमुन्यांवर उभं आहे. ज्यांचं बालपण पाढे म्हणून दाखवण्यात गेलं, त्या मुलांवर मराठी उतारा घेऊन हे तपासून बघण्यासारखं आहे. माझं स्वतःचं मत असं की आपण 'पाठांतर' म्हणून जे हिणवतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. पुस्तकात बघून घोकणं ही एक. गुरुजींसमोर उभं राहून न बघता म्हणून दाखवणं ही दुसरी, आणि ती तर आठवण काढण्याचाच सराव आहे.

११ जुलै

चल (प्रयोगात बदलायच्या आणि मोजायच्या गोष्टी) ठरवले. स्वतंत्र चल, म्हणजे आम्ही बदलणार ते: अभ्यासाची पद्धत, दोन पातळ्या (पुन्हा वाचणं / आठवून लिहिणं). अवलंबी चल, म्हणजे आम्ही मोजणार ते: एका आठवड्याने न बघता लिहिलेल्या मजकुरातले बरोबर मुद्दे.

'स्मरण' म्हणजे नेमकं काय मोजायचं यावर दुपार गेली. मूळ प्रयोगात उताऱ्याचे तीस कल्पना-घटक, म्हणजे छोटे छोटे मुद्दे, पाडले होते. सहभागीने त्यातले किती लिहिले ते मोजायचं. आम्हीही तेच करणार. म्हणजे भाषेचं सौंदर्य, शुद्धलेखन, अक्षर यांना एकही गुण नाही. मराठी शाळांत वाढलेल्या आम्हा दोघींना हे मनाशी घट्ट ठरवावं लागेल, कारण ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की लाल पेनकडे हात जातोच.

वेळ दोन्ही गटांना सारखाच: सात मिनिटं वाचन, मधे दोन मिनिटं गुणाकाराची उदाहरणं, मग सात मिनिटं एक गट पुन्हा वाचेल आणि दुसरा लिहील. वेळ कमी-जास्त झाला तर पुढे दिसणारा फरक पद्धतीचा की वेळेचा, हे सांगता येणार नाही.

१६ जुलै

किती मुलं लागतील? विभागातल्या जुन्या प्रबंधांत सरसकट 'गट अ: ३०, गट ब: ३०' दिसतं. तीसच का, हे कुठेही लिहिलेलं नाही.

मूळ प्रयोगात आठवड्यानंतरचा फरक मोठा होता. पण २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहणारा मोठा सामूहिक प्रकल्प प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांनी सार्थक (निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा) निष्कर्ष दिला होता, पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांतच आला, आणि परिणामांचा आकार सरासरीने निम्म्यावर आला. त्यामुळे छापील आकड्यावर भिस्त ठेवायची नाही. कोहेनच्या मापात (दोन गटांतला फरक किती मोठा ते सांगणारं माप) ०.५ एवढा मध्यम फरक धरला, सार्थकता पातळी (फरक नसताना 'आहे' म्हणण्याचा धोका) ०.०५, दुबाजू चाचणी (फरक कुठल्याही दिशेचा चालेल), सामर्थ्य (फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के. उत्तर: प्रत्येक गटात ६४, एकूण १२८. दुसऱ्या सत्राला गळती होणार, म्हणून त्याहून जास्त बोलवायची.

मॅडम म्हणाल्या, नमुन्याचा आकार हासुद्धा नीतीचा प्रश्न आहे. इतका लहान नमुना घ्यायचा की उत्तर मिळणंच अशक्य, आणि तरी साठ जणांची दुपार घ्यायची, हे त्यांच्या वेळेचं नुकसान आहे. मला हे फार पटलं. पद्धती आणि नीती या दोन वेगळ्या प्रकरणांत शिकवतात, त्यामुळे नीती म्हणजे शेवटी जोडायचं एक परिशिष्ट वाटू लागतं.

२२ जुलै

आजचा पूर्ण दिवस वाचनाचा. टस्कीगीबद्दल माहिती होती, पण सलग वाचल्यावर बसूनच राहिले. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामात १९३२ मध्ये सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास सुरू केला, त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचं नाव सांगितलं नाही. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा नेहमीचा उपचार झाला, तरी तो दिला नाही. हे १९७२ पर्यंत चाललं, वर्तमानपत्रांत बातमी आली तेव्हा थांबलं. त्यातूनच पुढे १९७९ चा बेलमाँट अहवाल आला, माणसांवरच्या संशोधनाची तीन नीतितत्त्वं सांगणारा: व्यक्तीचा आदर, हित, न्याय.

मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमचा आज्ञापालनावरचा प्रयोग मात्र आमच्या कामाच्या जास्त जवळचा. १९६१ मध्ये येल विद्यापीठात सुरू झालेले प्रयोग, १९६३ चा शोधनिबंध. 'शिकणाऱ्या'ने चूक केली की विजेचा झटका द्यायचा; झटके खोटे, शिकणारा नट, पण बटण दाबणाऱ्याला ते खरं वाटत होतं. चाळीसपैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. आज माझं लक्ष दुसरीकडे गेलं. सहभागी थांबू लागला की प्रयोगकर्ता ठरलेली चार वाक्यं क्रमाने म्हणायचा, आणि चौथं या अर्थाचं होतं: तुमच्यापुढे दुसरा पर्यायच नाही, पुढे जायलाच हवं. आज संमतीपत्रात 'केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येईल' असं वाक्य घालतो, ते बरोबर याच्या उलट टोकाला आहे. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६४ मध्येच या प्रयोगावर टीका केली होती: प्रयोगशाळेत आलेला माणूस आधीच प्रयोगकर्त्यावर भरवसा ठेवून, थोडा दबून आलेला असतो.

आणि आपल्याकडचं खम्मम. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात १० ते १४ वयाच्या मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचावाची) देण्याचा प्रकल्प झाला. आश्रमशाळांतल्या अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला, २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. लस चांगली की वाईट हा वेगळा प्रश्न. मुलीच्या वतीने 'हो' कोण म्हणालं, हा माझा प्रश्न. आपल्याकडे शाळा-कॉलेजात सर 'हो' म्हणाले की वर्गाने 'हो' म्हटल्यासारखंच असतं.

२९ जुलै

वरच्या नोंदीतली शंका आठवड्यातच समोर उभी राहिली.

ज्या महाविद्यालयात (आमच्या नव्हे, जवळच्याच तालुक्याच्या गावातल्या) माहिती गोळा करायची आहे तिथे परवानगीसाठी गेलो. तिथले सर अतिशय आपुलकीने बोलले, चहा मागवला. मग आम्हाला घेऊन थेट प्रथम वर्षाच्या वर्गात गेले आणि म्हणाले, "या ताई संशोधन करतायत. सगळ्यांनी बसायचंय. बसतील त्यांना अंतर्गत मूल्यमापनात पाच गुण." वर्ग एका सुरात "हो सर".

सरांचा हेतू मदतीचा होता, याबद्दल मनात तिळमात्र शंका नाही. पण पाच गुणांसाठी बसलेला मुलगा स्वखुशीने आला असं कसं म्हणायचं? आणि पद्धतीच्या बाजूने पाहिलं तरी ते घातक आहे. ज्याला बसायचंच नाही तो कागदावर दोन ओळी खरडून खिडकीबाहेर बघत बसणार. त्याच्या कागदावरून त्याच्या स्मरणशक्तीबद्दल काय कळणार? मानसशास्त्रज्ञ मार्टिन ऑर्न यांनी १९६२ मध्ये मांडलं होतं की सहभागी माणूस प्रयोगकर्त्याला काय हवंय याचा अंदाज बांधतो आणि तसं वागतो. सरांना खूश करण्यासाठी बसलेला वर्ग तर सरांना काय हवंय तेच देणार.

बाहेर आल्यावर माझ्या प्रकल्पातल्या मैत्रिणीने सरांना शांतपणे विनंती केली की गुणांचं राहू द्या, आणि आमचं सत्र चालू असताना कुणी शिक्षक खोलीत नसावेत. सर जरा थबकले, म्हणाले, "मग येणार कोण?" हा प्रश्न खराच आहे. त्याचं उत्तर आम्हीच शोधायला हवं.

४ ऑगस्ट

पाकिटाची युक्ती. दोघींनी मिळून काढली, मॅडमनी दुरुस्त केली.

वर्गात संमतीपत्र वाचून दाखवायचं, शंका घ्यायच्या, पण सही तिथे घ्यायची नाही. प्रत्येकाला एक खाकी पाकीट: आत माहितीपत्रक आणि संमतीपत्र. घरी न्या, घरच्यांशी बोला, दोन दिवसांनी ग्रंथालयाजवळच्या बंद पेटीत टाका. महत्त्वाची अट अशी की *सगळ्यांनी* पाकीट टाकायचं. यायचं असेल त्याने सही करून, नसेल त्याने कोरं. बाहेरून सगळी पाकिटं सारखीच. त्यामुळे पेटीजवळ कोण गेलं नाही यावरून कुणाचा नकार ओळखता येणार नाही. शिक्षकांना नाही, शेजारच्या बाकावरच्या मित्रालाही नाही.

वयाचा प्रश्न यातच सुटला. बारावी होऊन नुकतीच आलेली बरीच मुलं अजून सतराच वर्षांची आहेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील सहभागीसाठी पालकांची संमती लागते आणि बारा ते अठरा वयात मुलाची स्वतःची लेखी अनुमतीही. मुलं पाटण, ढेबेवाडीकडच्या वाड्यावस्त्यांवरून एसटीने येतात. पालकांपर्यंत पोचून, समजावून, सही आणणं आमच्या आवाक्यात नाही. आणि मुलांच्याच हाती फॉर्म धाडून आलेली सही कुणाची, हे सांगता येत नाही. म्हणून अठरा पूर्ण झालेलेच घ्यायचे, आणि प्रथम वर्षाबरोबर द्वितीय वर्षही. जन्मतारीख संमतीपत्रावरच लिहायची, म्हणजे वर्गात कुणाला 'तू लहान आहेस, जा' म्हणावं लागणार नाही. वगळलेल्यांचंही काही जाऊ नये म्हणून शेवटचं अभ्यासतंत्राचं सत्र सगळ्यांना खुलं.

संमतीपत्राची भाषा तीनदा सोपी केली. 'सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी ना हरकत असून' हे गेलं. आता असं आहे: 'मला काय करायचं आहे ते समजलं. मी नाही म्हटलं तरी माझ्या गुणांवर, हजेरीवर काहीही फरक पडणार नाही. मधेच उठून जायचं असेल तर मी जाऊ शकतो / शकते, कारण सांगायची गरज नाही.'

१२ ऑगस्ट

नीती समिती. आमच्या महाविद्यालयाची स्वतःची समिती नाही. करार असलेल्या दुसऱ्या संस्थेच्या समितीपुढे प्रस्ताव गेला, तशी मुभा आयसीएमआरच्या तत्त्वांत आहे. समितीत संस्थेबाहेरचे लोक असावे लागतात, अध्यक्षही बाहेरचे, आणि एक तरी सामान्य नागरिक, ज्याचा संशोधनाशी संबंध नाही.

डॉक्टर आणि प्राध्यापक मंडळींनी सांख्यिकीवर प्रश्न विचारले, ते अपेक्षितच होते. खरा प्रश्न आला तो सामान्य नागरिक म्हणून बसलेल्या निवृत्त पोस्टमास्तर काकांकडून. फॉर्म चष्म्याजवळ नेऊन सावकाश वाचला आणि म्हणाले, "इथं लिहिलंय, दुसऱ्या सत्रात 'संबंधित काम' असेल. पोरींनो, तुम्ही परीक्षा घेणार आहात ना? मग लपवताय का?"

हा मुद्दा आम्ही प्रस्तावात मांडलेला होता, तरी त्यांच्या तोंडून तो जास्त टोकदार वाटला. आठवड्याने पुन्हा लिहायचंय हे आधीच सांगितलं तर मुलं मधल्या काळात त्या विषयावर यूट्यूब बघतील, एकमेकांना विचारतील, आणि मग आमच्या दोन गटांत फरक उरणारच नाही. खोटं आम्ही काही सांगत नाही, पण सगळंही सांगत नाही. अशी अपुरी माहिती देऊन केलेल्या अभ्यासाला तीन गोष्टींशिवाय परवानगी मिळू नये, असं माझं मत: लपवलेली गोष्ट कुणाला इजा करणारी नसावी, फॉर्मवर 'काही तपशील शेवटी सांगू' हे उघड लिहिलेलं असावं, आणि सगळं कळल्यावर आपला कागद परत मागायची संधी असावी. काकांनी तिसऱ्या गोष्टीवर बोट ठेवलं. "परत मागायची मुदत लिहा. 'केव्हाही' म्हणजे कधीच नाही." मुदत घातली: दुसऱ्या सत्रानंतर सात दिवस.

आणखी एक अट घातली गेली. कोऱ्या कागदासमोर बसणं काहींना परीक्षेसारखं वाटेल, त्रास होईल. म्हणून माहितीपत्रकावर समुपदेशकांची वेळ आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापायचा. मंजुरी मिळाली.

१९ ऑगस्ट

पायलट, म्हणजे प्रयोगाची रंगीत तालीम, वसतिगृहातल्या थोड्या मुलांवर. यांना मुख्य प्रयोगातून वगळायचं.

लोणार सरोवराचा उतारा बाद. सगळ्यांनाच आधीपासून माहिती. काहींनी उताऱ्यात नसलेली माहितीसुद्धा बिनचूक लिहिली, म्हणजे आम्ही स्मरण मोजतच नव्हतो. खारफुटीच्या चिखलात राहणाऱ्या निवटी या माशाचा उतारा त्याहून गमतीशीर रीतीने बाद झाला: घाटावरच्या मुलांना निवटी ठाऊकच नव्हती, आणि चिपळूणकडच्या एकाने तिचं कालवण कसं करतात तेही लिहून दिलं. एकाच उताऱ्यावर दोन मुलांची पूर्वतयारी इतकी वेगळी असेल तर तो उतारा नको.

शेवटी टार्डिग्रेड ठेवला. आठ पायांचा, बहुधा एक मिलिमीटरहूनही लहान प्राणी. १७७३ मध्ये जर्मनीतल्या योहान गोत्से यांनी वर्णन केलेला. सुकून गेला तरी वर्षानुवर्षं तग धरणारा. २००७ मध्ये थेट अंतराळात नेऊन परत आणलेला. कुणालाच काही माहीत नव्हतं आणि सगळ्यांना आवडला.

गुणदानाचं जवळून पाहिलं. एकाचं वाक्य असं: 'ह्यो किडा वाळून खडखडीत झाला तरी मरत न्हाई आन पाणी भेटलं की परत चालाय लागतो.' मैत्रिणीने दोन घटक दिले, मी तीन: सुकणं, न मरणं, पाणी मिळताच पुन्हा हालचाल. उत्तरसूचीत सुकणं आणि तग धरणं हा एकच घटक होता, म्हणजे तिचं बरोबर. पण असे मतभेद कागदोपत्री मोजायला हवेत, नुसतं 'आमचं जमलं' म्हणून भागत नाही. दोघींनी स्वतंत्रपणे गुण द्यायचे, एकमेकींचे न बघता, आणि मग जुळणी काढायची. बोलीतल्या या वाक्याला प्रमाण मराठीतल्या वाक्याइतकेच गुण, हे सूचीच्या माथ्यावर लिहून ठेवलं.

एक मुलगी लिहायचं सोडून बसली होती. विचारल्यावर म्हणाली, "ताई, हे नापास झालं तर?" तिला उठायचं का विचारलं, नको म्हणाली, पाणी प्यायली, पुढचं लिहिलं. कागदाच्या वर आता ठळक अक्षरांत ओळ जाईल: ही परीक्षा नाही, यात पास-नापास नाही, तुमचा कागद तुमच्या शिक्षकांना दाखवला जाणार नाही.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. अनंत चतुर्दशीपर्यंत निम्मी मुलं गावाला. सात दिवसांचं अंतर मधे सुट्टी आली की मोडतं, म्हणून सत्रं १२ आणि १९ सप्टेंबरला, दोन्ही शुक्रवार. वेळ सकाळची, कारण दुपारी चारची एसटी चुकली तर पुढची सहाला.

घरी जाण्याआधी पूर्वनोंदणी पूर्ण केली, ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर. गृहीतक, नमुना, कोणती चाचणी लावणार, कुणाचे कागद वगळणार, सगळं माहिती हाती येण्याआधी तारखेनिशी लिहून कुलूपबंद. नंतर आकडे पाहून 'आम्हाला हेच तपासायचं होतं' म्हणायची वाट बंद होते. मैत्रिणीने विचारलं, एवढ्या छोट्या प्रकल्पाला कशाला? मला वाटतं सवय छोट्या प्रकल्पातच लागते. नेदरलँड्समधले डिडेरिक स्टापेल २०११ मध्ये पकडले गेले तेव्हा नावाजलेले प्राध्यापक होते. कितीतरी शोधनिबंधांतली माहिती त्यांनी टेबलापाशी बसून बनवली होती, पुढे पन्नासहून अधिक मागे घ्यावे लागले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याच आकड्यांवर आपले प्रबंध उभे केले होते. त्या मुलांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

८ सप्टेंबर

पेटी उघडली. काही पाकिटं कोरी निघाली, काहींत सही आहे पण वय बसत नाही. एका कोऱ्या फॉर्मवर पेन्सिलीने: 'मला वेळ नाही, शेतात काम आहे, सॉरी ताई.' सॉरी म्हणायची काहीच गरज नव्हती.

ठरवलेला आकडा सही केलेल्या फॉर्मांतून भरला. सरांनी विचारलेल्या "मग येणार कोण?" याचं उत्तर मिळालं.

गटवाटणी संगणकावरच्या यादृच्छिक आकड्यांनी. कोण कुठल्या गटात, ती यादी मॅडमच्या कपाटात. गुणदान होईपर्यंत आम्हा दोघींनाही ती बघायची नाही.

१२ सप्टेंबर

पहिलं सत्र. दोन्ही गट एकाच हॉलमध्ये, शेजारी शेजारी. फरक फक्त पुस्तिकेत. वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं असतं तर पंखा, ऊन, गोंगाट यांचा फरक गटाच्या फरकात मिसळला असता. पुस्तिका बंद लिफाफ्यांत आल्या आणि त्या आमच्या एका वर्गमित्राने वाटल्या, कारण आम्ही वाटल्या असत्या तर कुणाकडे बघून हसलो आणि कुणाकडे नाही, हेही मोजावं लागलं असतं. सूचना छापील, शब्दशः वाचून दाखवल्या.

वडापाव आणि चहा सगळ्यांना. ज्यांनी कोरं पाकीट टाकलं तेही बाहेर व्हरांड्यात होते, त्यांनाही. न येणाऱ्याला वडापाव नाही, असं केलं असतं तर पाकिटाच्या युक्तीला काही अर्थ उरला नसता.

१९ सप्टेंबर

दुसरं सत्र. ऐन लिहायच्या वेळी समोरच्या नवरात्र मंडळाने ध्वनिक्षेपक तपासायला घेतला. "हॅलो, चेक, चेक" सुरू झालं. मैत्रीण धावत जाऊन विनवणी करून आली, तोवर दोन-तीन मिनिटं गेली. वाईट वाटलं, पण एका हॉलमध्ये मिसळून बसवल्यामुळे त्रास दोन्ही गटांना सारखाच झाला. त्याने सगळ्यांचे आकडे थोडे खाली येतील. एका गटाच्या बाजूने झुकणार नाहीत. अहवालात नोंद करायची.

मग उलगडा. काय लपवलं, का लपवलं, दोन गटांत काय फरक होता, सगळं सांगितलं. हॉलमध्ये एकदम कुजबुज, मग हसू. पुन्हा वाचणाऱ्या गटातला एकजण जरा नाराज: "म्हणजे आमच्यावर जुनी पद्धत वापरली?" त्याला सांगितलं की कुठली पद्धत इथे चालेल हे आम्हालाही अजून माहीत नाही, म्हणूनच तर हे सगळं. दोन्ही पद्धतींचं अभ्यासतंत्र सत्र पुढच्या शुक्रवारी, कोरं पाकीट टाकणाऱ्यांनाही बोलावलंय. कागद परत मागायची शेवटची तारीख फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली: २६ सप्टेंबर.

२४ सप्टेंबर

एक मुलगा आला, कागद परत हवाय म्हणाला. कारण सांगायला लागला, तेव्हा थांबवलं. विचारायचं नाही असं आम्हीच लिहून दिलंय. त्याने आपला कोड क्रमांक दाखवला, दोन्ही सत्रांचे कागद काढून त्याच्या हातात दिले, संगणकावरची ओळ त्याच्यासमोर पुसली. तो कागद घेऊन थोडा वेळ उभा राहिला, म्हणाला, "खरंच देता?" संमतीपत्रावरच्या त्या एका वाक्यावर त्याचा विश्वास बसला नव्हता, आणि का बसावा? आजवर त्याने सही केलेल्या कुठल्या कागदावरचं असं वाक्य कुणी पाळलं असेल?

गुणदान सुरू. दोघी वेगवेगळ्या टेबलांवर, गट लपवलेले.

३० सप्टेंबर

गुणदान पूर्ण. मतभेद असलेल्या कागदांची यादी वेगळी काढली; त्यांवर आधी दोघींची जुळणी मोजायची, मग चर्चा. मॅडमच्या कपाटातली गटयादी पुढच्या आठवड्यात उघडेल.

संध्याकाळी सरांचा फोन आला. ज्यांना सगळ्यात जास्त आठवलं त्या पहिल्या दहा मुलांची नावं पाठवा, सूचनाफलकावर लावू, मुलांना प्रोत्साहन मिळेल. सांगितलं की कागदांवर नावं नाहीत, कोड आहेत. आणि कोडांची यादी असती तरी 'तुमचा कागद शिक्षकांना दाखवला जाणार नाही' असं प्रत्येकाला लिहून दिलंय. सर थोडे खट्टू झाले. मग म्हणाले, "बरं, मग तुमच्या त्या अभ्यासतंत्राच्या सत्राचा कागद तरी द्या, मी वर्गात वापरीन." तो उद्या सकाळच्या एसटीने पाठवतेय, निकाल आल्यावर दोन्ही गटांची सरासरीही कळवीन.